तालीम, आरसा आणि आपली पोरं

आमच्या मोहल्ल्यातल्या तालमीत आरसा नव्हता. मातीचा हौदा होता, कोपऱ्यात दोन-तीन करेला जोड्या, एक दगडी नाल, खुंटीवर वाळत घातलेले लंगोट आणि भिंतीवर वस्तादांच्या वस्तादांचा धुरकटलेला फोटो. कुणाला केस विंचरायचे असले तर तो समोरच्या न्हाव्याच्या दुकानात जाई. त्या तालमीच्या जागेवर आता दुमजली इमारत आहे. खाली मोबाईलचे दुकान आणि वर जिम. जिमच्या चार भिंतींपैकी तीन भिंती आरशाच्या आहेत. चौथ्या भिंतीवर सुंदर अक्षरांत आरोग्याविषयीची एक हदीस लावली आहे, आणि तिला लागूनच सलमान खानचे शर्ट काढलेले पोस्टर. ही दोन्ही चित्रे शेजारीशेजारी लावताना मालकाला काही विसंगत वाटले नाही. आम्हालाही पहिल्यांदा वाटले नाही. नंतर मात्र घरी येऊन आम्ही विचार करीत बसलो, आणि हा लेख त्यातूनच निघाला.

तालीम या शब्दाकडे आपण कधी थांबून पाहत नाही. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. उर्दूत आजही तोच अर्थ आहे. आपल्या घरात आई म्हणते, पोराला तालीम द्या, तेव्हा तिच्या मनात शाळा असते. पण मराठीने हा शब्द उचलला आणि मातीत नेऊन ठेवला. मराठी माणसाला तालीम म्हटले की जोर-बैठकाच आठवतात, किंवा फार तर नाटकाची तालीम. पैलवान, कुस्ती, पेच, खुराक, मेहनत, वस्ताद हे सारे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी झाले. इतके झाले की ते मुळात कुठले याची कुणाला आठवणही राहिली नाही. शाहिरी सोडली तर मराठी जीवनाच्या दुसऱ्या कुठल्याही दालनात आपल्या भाषेची एवढी दाट वस्ती क्वचितच सापडेल. आपले पूर्वज या मातीत किती मुरले होते याचा पुरावा मागणाऱ्यांना इतिहासाची कागदपत्रे दाखवण्याची गरज नाही, कुस्तीचे समालोचन ऐकवले तरी पुरे.

पण मुरण्याच्याही दोन तऱ्हा असतात. मल्लखांबाच्या उगमाची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले, त्यांनी आव्हान दिले, कुणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारले आणि जिंकले, अशी ती गोष्ट. यात मुसलमान पैलवान बाहेरून आलेला, दांडगा आणि हरण्यासाठीच आलेला आहे. आता दुसरी गोष्ट बडोद्याची. तिथे गजानन यशवंत तांबे नावाच्या मराठी तरुणाने एका मुसलमान वस्तादाकडे व्यायामविद्या घेतली. पुढे तो राजरत्न प्रोफेसर माणिकराव म्हणून साऱ्या हिंदुस्थानात गाजला, आणि त्याने आपल्या संस्थेला वस्तादाचे नाव दिले : जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा आणि मंदिर हे दोन शब्द एका पाटीवर आले आणि कुणाला खटकले नाहीत. त्याच बडोद्यातून मराठीतला अनेक खंडांचा व्यायाम ज्ञानकोश निघाला. ही दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकात आल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. ती आपण आपल्या पोरांनाही सांगितली नाही, हा दोष मात्र आपला.

कोल्हापूरचे खासबाग मैदान हा असाच विषय. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचे कलोसियम पाहून आले, आणि मग हे मैदान बांधून घेतले. १९१२ साली ते खुले झाले तेव्हा तिथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. इमामबक्ष म्हणजे गामाचा सख्खा भाऊ. छत्रपतींच्या नव्या मैदानात दोन मुसलमान पैलवान एकमेकांच्या कमरेला हात घालतात आणि लोक ते पाहायला जमतात, ही १९१२ सालची साधी घटना होती. पुढे १९६० च्या दशकात पाकिस्तानचा सादिक पंजाबी याच मातीत लढला आणि कोल्हापूरकरांनी त्याला डोक्यावर घेतले. तो हरला की हळहळणारी जुनी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यात एक गोष्ट आम्हाला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. तो कुठला हे लोकांना माहीत होते, पण ते आधी तो कसा लढतो हे पाहत होते.

गामाबद्दल तर काय सांगावे! १९१० साली तो लंडनला गेला. पोलंडचा झिबिस्को त्याच्यासमोर अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या शनिवारी पुन्हा लढत ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामाकडे आला. १९२८ साली पतियाळात दोघे परत भेटले तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. फाळणीनंतर गामा लाहोरला राहिला. शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढग्रस्तीत काढून १९६० साली वारला. पैलवानी राजेरजवाड्यांच्या खुराकावर वाढली होती. राजे गेले आणि जगज्जेत्यालाही औषधपाण्याची भ्रांत पडली. हे सांगायचे अशासाठी की तालमीचा काळ सोन्याचा होता असा भ्रम आम्हाला नाही. तो आश्रयाचा काळ होता. आश्रयदात्याची मर्जी फिरली की पैलवान उघडा पडे.

असो. मुद्दा शरीराचा आहे.

जोसेफ ऑल्टर नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने बनारसच्या आखाड्यांत राहून १९९२ साली पैलवानाच्या शरीरावर एक पुस्तक लिहिले. पैलवानाच्या शरीरामागे जगण्याची एक पूर्ण शिस्त उभी असते, हे त्याचे म्हणणे आमच्या अनुभवाशी जुळते. आमच्या वस्तादांचे पोट चांगले सुटलेले होते. मान खांद्यात गेलेली, कान मोडून फुलकोबीसारखे झालेले. आजच्या जिममध्ये त्यांना कुणी 'बॉडी' आहे असे म्हणणार नाही. पण एकदा त्यांनी पकड घेतली की जवान पोराचा श्वास कोंडे. ते शरीर वापरण्यासाठी होते. त्याची परीक्षा दुसऱ्या शरीराला भिडूनच व्हायची. एकट्याने पैलवान होता येत नाही. जोड लागते, अंगाला माती लावणारा लागतो, पाठीवर बसून रग्गड मेहनत करून घेणारा लागतो. आणि तो जोडीदार शिंद्यांचा असो, मुल्लांचा असो की कोरव्यांचा, त्याच्या घामाचा वास तुम्हाला चुकवता येत नाही.

जिमचे शरीर दिसण्यासाठी आहे. त्याला जोडीदार लागत नाही, फार तर वजन उचलताना मागे उभा राहणारा कुणी लागतो. पोट सपाट, कातडीखाली चरबी नको, शिरा उठून दिसल्या पाहिजेत, दंड एवढा, छाती एवढी. मापे इंचांत आहेत आणि पंच आरसा आहे. आता आरशाच्या जोडीला मोबाईलही आला. पोरगा दोन सेट मारतो आणि चार फोटो काढतो. वस्तादाच्या जागी ट्रेनर आला. तो बिचारा पगारावर राबणारा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा असतो आणि डब्यांच्या कमिशनवर त्याचा महिना भागतो. खुराकही बदलला. दूध, तूप, बदाम, खारीक हा खुराक महाग होताच, पण तो घरातून यायचा, आईच्या हातून यायचा. आज प्रोटीन पावडरचा एक डबा यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या पगाराचा केवढा लचका तोडतो हे आम्ही हिशेब करून पाहिले आहे. आकडा येथे देत नाही. ज्या घरात हा डबा येतो त्या घरातल्या बाईला तो पाठ आहे.

हे नवे शरीर आले कुठून? जागतिकीकरण आले, चॅनेले आली, शहरांत पैसा आला, हे सगळे खरेच. पण आपल्या मोहल्ल्यापुरते बोलायचे तर ते सिनेमातून आले आणि खानांच्या अंगावरून आले. 'प्यार किया तो डरना क्या' हा चित्रपट १९९८ चा. त्यात सलमानने शर्ट काढून गिटार हातात घेतली आणि गल्लोगल्ली पोरांनी शर्ट काढले. २००७ साली 'ओम शांती ओम'मध्ये शाहरुखच्या पोटावर सहा वड्या दिसल्या. २००८ च्या अखेरीस 'गजनी'त आमिरच्या पोटावर त्याहून जास्त मोजल्या गेल्या. जिम हा शब्द आमच्या गावात दुकानाच्या पाटीवर आला तो याच दोन-तीन वर्षांत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी अशी आहे आणि तिच्याकडे आपल्या समीक्षकांचे, जे थोडके आहेत त्यांचे, लक्ष गेलेले नाही. पडद्यावर जेव्हा ही शरीरे उघडी झाली तेव्हा त्यांची नावे काय होती? सूरज खन्ना. ओम कपूर. संजय सिंघानिया. शरीर खानाचे आणि नाव खन्नाचे. २००७ या एकाच वर्षात शाहरुखचे दोन चित्रपट आले. ऑगस्टमध्ये 'चक दे इंडिया'. त्यात तो कबीर खान आहे, हॉकीपटू आहे, म्हणजे ज्याचे सारे आयुष्य शरीरावर उभे आहे असा माणूस. पण तो अंगभर कपड्यांत आहे, दाढी वाढलेली, मान खाली, कपाळावर गद्दारीचा शिक्का. नोव्हेंबरमध्ये तोच नट ओम कपूर होतो आणि पाण्यातून उघड्या अंगाने वर येतो. आम्ही असे म्हणत नाही की कुणी बसून हे ठरवले. पण जे ठरवावे लागत नाही तेच समाजाच्या हाडात रुजलेले असते. मुसलमान म्हणून आलास तर निष्ठा सिद्ध कर. देखणा म्हणून यायचे असेल तर नाव बदलून ये. आमच्या पोरांनी या दोन चित्रपटांपैकी कुठला मनावर घेतला हे सांगायला नको. 'चक दे' पाहताना ते रडले, आणि दुसऱ्या दिवशी 'ओम शांती ओम'च्या पोटाची चौकशी करायला लागले.

पुढे २०१६ च्या ईदला 'सुलतान' आला. आता नायक सुलतान अली खान होता, हरियाणाच्या गावातला पैलवान, लंगोट कसून मातीत उतरलेला. आमच्या तालमीतली जुनी मंडळी थिएटरात गेली ती अनेक वर्षांनी. चित्रपट म्हणून तो लांबलचक आणि भडक आहे, आणि मध्यंतरानंतर मातीची कुस्ती सोडून पिंजऱ्यातल्या मारामारीत शिरतो तेव्हा त्याचा जीवच जातो. तरी त्यात एक प्रसंग असा आहे की त्यासाठी आम्ही दिग्दर्शक अली अब्बास जफर यांचे ऋणी आहोत. चाळिशीला आलेला, खेळ सोडलेला सुलतान आरशासमोर शर्ट काढतो. पोट सुटलेले आहे, छाती ओघळलेली आहे. तो ते पाहतो आणि स्वतःची लाज वाटून कोसळतो. ज्या नटाने अठरा वर्षांपूर्वी शर्ट काढून एका पिढीला आरशासमोर उभे केले, त्याच नटाला आरशाने रडवले. थिएटरात शिट्ट्या थांबल्या होत्या. आमच्या शेजारी बसलेला रिक्षावाला, वय पन्नाशीचे, हळूच आपल्या पोटावरचा शर्ट नीट करीत होता.

पण हाच चित्रपट आरफाच्या बाबतीत काय करतो? आरफा ही सुलतानपेक्षा आधीची पैलवान. ऑलिंपिकचे स्वप्न तिचे. त्याला कुस्ती येत नव्हती तेव्हा ती राज्यात जिंकत होती. मग लग्न होते, दिवस राहतात आणि ती हसतमुखाने माती सोडते. तिच्या शरीरावर आता तिचा हक्क उरत नाही, तो घराण्याचा होतो. बाळ जाते, नवरा परदेशी पदक घेत असतो, तेव्हा ती चिडते, वेगळी होते. पण मैदानात परतायचा मान मिळतो सुलतानला. त्याच्या सुटलेल्या पोटावर चित्रपटाने अर्धा तास खर्च केला. बाळंतपणानंतर आरफाच्या शरीराचे काय झाले, तिला पुन्हा उतरावेसे वाटले का, हा प्रश्न अगदी शेवटी घाईघाईने उरकला आहे. आपल्याकडे टाळ्या वाजवणाऱ्यांत बायाही होत्या. त्यांतल्या किती जणींनी हे मनात नोंदवले असेल याची कल्पना करता येते, कारण घरी येऊन आमच्या भाभीजान एवढेच म्हणाल्या, "उसकू बी एक फाइट देना था."

'तूफान' २०२१ चा. फरहान अख्तरचा अजीज अली डोंगरीचा. हप्ते गोळा करणारा अनाथ पोरगा, मुष्टियोद्धा होतो. त्याचा प्रशिक्षक नाना प्रभू हा मराठी हिंदू. बॉम्बस्फोटात बायको गेल्यापासून त्याच्या मनात मुसलमानांविषयी कडवट गाठ बसलेली. तरी अजीजचा ठोसा पाहून तो त्याला शिकवतो. इथवर आम्हाला जुम्मादादा आणि माणिकराव उलट्या क्रमाने भेटल्यासारखे वाटले. मग नानाची मुलगी अनन्या आणि अजीज यांचे प्रेम उघड होते आणि गाठ पुन्हा आवळली जाते. लग्न झाल्यावर दोघांना भाड्याने घर मिळत नाही. मिश्र जोडप्याला घर देणार कोण? घरासाठी पैसे हवेत म्हणून अजीज लढत हरायचे कबूल करतो आणि बंदी ओढवून घेतो. राकेश ओमप्रकाश मेहरांच्या या चित्रपटात भाबडेपणा पुष्कळ आहे, अनन्याला रेल्वेच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत मारून टाकण्याची पळवाटही आहे. पण एक गोष्ट त्याने नेमकी पकडली. या पोराकडे विकायला दुसरे काही नाही. शरीर हीच त्याची इस्टेट. हप्त्यासाठी तेच वापरले जाते, पदकासाठी तेच आणि घराच्या डिपॉझिटसाठीही तेच गहाण पडते.

येथून आम्हाला पडद्यावरून गल्लीत यायला हवे.

दंगल या शब्दाला हिंदीत कुस्तीचा फड असा अर्थ आहे. आमिर खानचा २०१६ चा 'दंगल' त्याच अर्थाचा. जुन्या मराठीतही कुस्त्यांची दंगल म्हणत. पण आमच्या मोहल्ल्यात दंगल म्हटले की एकच अर्थ होतो, आणि तो म्हटला की बाया दारे लावतात. १९९२-९३ नंतर वाढलेल्या पिढीने शरीर कमावले त्यामागे हा दुसरा अर्थ नाही असे म्हणणे म्हणजे डोळे झाकणे होय. आम्ही पाच-सहा पोरांना विचारले, जिमला का जातोस? पहिले उत्तर हसण्यावारी नेणारे : पोरी बघतात. दुसरे उत्तर नोकरीचे : पोलीस भरती, बाउन्सरचे काम, पुढाऱ्याच्या गाडीमागे उभे राहायचे काम. तिसरे उत्तर बराच वेळ बसल्यावर येते. एक जण म्हणाला, बसमध्ये दाढीवाला म्हणून कुणी धक्का देत होता, आता देत नाही.

त्या पोराचे आम्हाला वाईट वाटले आणि बरेही वाटले. पण त्याच्या पुढचे त्याला दिसत नव्हते. अशक्त मुसलमान पोराला धक्का बसतो, आणि धष्टपुष्ट मुसलमान पोराकडे बोट दाखवले जाते. ज्या दंडामुळे त्याला सुरक्षित वाटते तोच दंड उद्या दुसऱ्याच्या भीतीचे कारण होतो. २०२५ साली भोपाळमध्ये जिममध्ये मुसलमान ट्रेनर नकोत म्हणून काही मंडळी आत शिरली आणि त्या वेळी खाकी वर्दीतला माणूसही त्यांचीच री ओढत होता, हे सगळ्यांनी पाहिले. बायांना व्यायाम शिकवणारा मुसलमान हात संशयाचा ठरला. शंभर वर्षांपूर्वी जुम्मादादाचा हात वंद्य होता. या दोन टोकांच्या मधला प्रवास कुणीतरी कादंबरीत लिहायला हवा. आपल्या मराठी मुस्लिम साहित्यात तलाक आला, बुरखा आला, दंगल आली, गरिबी तर पानोपानी आली. पण पुरुषाचे शरीर, त्याची हौस, त्याची लाज, आरशासमोर उभे राहून पोट आत ओढणारा तरुण हा कुठे आला? आपल्या कथेतला मुसलमान पुरुष एक तर तोंडी तलाक देतो नाही तर दंगलीत मरतो. त्याला अंग असते हे आपले लेखक विसरले.

आमच्या बहिणीचा मुलगा आमच्यापुढे वाढला. बारीक चणीचा, अभ्यासात बरा, बोलताना थोडा अडखळणारा. गल्लीत त्याला सुतळी म्हणत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तो जिमला लागला आणि आम्हाला आनंदच झाला. वर्षभरात खांदे भरले, चालण्यात ऐट आली, अडखळणेही कमी झाले. आम्ही विचारले तर म्हणाला, "मामू, बॉडी दिखती तोच लोगां सलाम करते." आम्ही हसलो. हसायला नको होते. दोन वर्षांनी त्याच्या पाठीवर आणि खांद्यांवर मोठमोठे फोड आले, चिडचिड वाढली, आईवर ओरडायला लागला. छातीला स्त्रियांसारखा फुगार येऊ लागला तेव्हा तो उन्हाळ्यातही जाड कपडे घालू लागला. म्हणजे ज्या शरीरासाठी एवढा आटापिटा केला तेच झाकून हिंडायची वेळ आली. डॉक्टरांनी कपाटातली कुपी पाहिल्यावर सगळे उघड झाले.

ती इंजेक्शने पुरुषी संप्रेरकाची असतात. चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, पण जिमच्या लॉकरला कायदा कुठून दिसणार? ती घेतली की स्नायू भराभर वाढतात. पण शरीराला बाहेरून संप्रेरक मिळाले की ते स्वतःचे बनवणे थांबवते. अंडकोष आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, रक्तातली वाईट चरबी वाढते, हृदयाची भिंत जाड होते. संप्रेरकाचा काही भाग शरीर स्त्री-संप्रेरकात बदलते, म्हणून छातीची ती अवस्था. अलीकडे भूल देताना उतरलेला रक्तदाब वाढवण्याचे औषधही व्यायामाआधी तरतरी यावी म्हणून टोचून घेतात, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत पोलिसांनी असे साठे पकडले आहेत. मर्दपणासाठी घेतलेले औषध बाप होण्याचीच वाट अडवते, हे आमच्या भाच्याला लग्न ठरायच्या सुमारास कळले. तो सावरला. औषध बंद केल्यावर दीड वर्ष गेले. त्या काळात तो घरातल्या कपाटाचा आरसा चादरीने झाकून ठेवत असे, कारण कमी होत चाललेले दंड त्याला पाहवत नव्हते. आम्हाला तो अजूनही भक्कम दिसत होता. तो म्हणे, मी पुन्हा सुतळी झालो.

या आजाराला डॉक्टरी भाषेत नाव आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ते दिले. उपाशी राहून हाडे निघालेल्या मुलीला आपण लठ्ठ आहोत असे वाटते, त्याच्या नेमके उलट, दंड भरलेल्या तरुणाला आपण काडी आहोत असे वाटत राहते. आम्ही हे वाचले तेव्हा वाटले, हे एकट्यादुकट्या पोराचे दुखणे राहिलेले नाही. ज्या जमातीला रोज कुणी ना कुणी सांगत असते की तुम्ही फार वाढलात, आणि जिला आरशात स्वतःची उपासमार दिसत असते, तिला हे दुखणे ओळखीचे वाटावे. पण ही आमची उपमा झाली. तिच्यावर फार भार टाकणे बरे नाही. भाच्याचे दुखणे हे भाच्याचे होते आणि त्याला गोळ्या, डॉक्टर आणि आईचा धीर लागला.

आमचे मौलवीसाहेब एकदा म्हणाले, शरीर अमानत आहे, ते सजवून दाखवण्यासाठी नाही. खरे आहे. पण हेच मौलवीसाहेब पूर्वी लंगोटावरही नाराज होते, कारण बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा सतर त्यात झाकला जात नाही. त्यामुळे चांगल्या घरची पोरे तालमीतून काढून घेतली गेली. पैगंबरांनी रुकाना नावाच्या पैलवानाला कुस्तीत चीत केल्याची रिवायत ते सांगत, पण जुम्म्याला तालमीची बाजू घेत नसत. माती सुटली ती फक्त सिनेमामुळे नव्हे. आपणही ती सोडवली. जिममध्ये ट्रॅकपँट चालते, म्हणून सतराचा प्रश्न मिटला आणि आरशाचा सुरू झाला. आरशाविषयी फतवा कुणी विचारलेला नाही.

आणि मुलींचे काय? आता कित्येक मोहल्ल्यांत दुपारी दोन ते चार बायांची बॅच असते. बुरखे खुंटीला लागतात आणि ट्रेडमिलवर सासू, सून, शिक्षिका एका रांगेत चालतात. तालमीत हे कधीच शक्य नव्हते. तालमीची आठवण काढून गळा काढणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे. तालमीत जोड मिळायची ती पुरुषाला, बाई उंबऱ्यालाही शिवू शकत नसे. २०१८ साली केरळात मजीझिया भानू या दंतवैद्यकाच्या विद्यार्थिनीने हिजाब घालून शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकली तेव्हा दोन्हीकडून दगड आले. एका बाजूचे म्हणाले, हे धर्मात बसत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, मग हिजाब कशाला? तिच्या खांद्यांविषयी मात्र फारसे कुणी बोलले नाही. आमच्याकडच्या बायांच्या बॅचमध्ये तेवढे कुणी पोहोचलेले नाही. तिथे बहुतेकींना गुडघेदुखी आणि साखर आहे, आणि ज्या तरुण आहेत त्या लग्न ठरले म्हणून बारीक व्हायला येतात. रुखसत झाली की येणे थांबते. आरफाचीच गोष्ट, फक्त पदकाशिवाय.

२०१८ आणि २०१९ ही दोन्ही वर्षे गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले. कोल्हापुरात काही तालमींत गणपती आणि पंजा एकाच मांडवात बसले. बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी ही रीत जुनी आहे, तिचे त्यांना अप्रूपही नाही. आम्ही भाच्याला घेऊन पाहायला गेलो. गर्दीत एक म्हातारा पैलवान खुर्चीत बसला होता. कान मोडलेले, पोट मांडीवर आलेले, गुडघे गेलेले. भाचा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. म्हाताऱ्याने त्याला जवळ बोलावले, काही न विचारता त्याचा दंड दाबून पाहिला आणि म्हणाला, "फुगलाय. लढतोस का?"

भाचा म्हणाला, नाही. म्हाताऱ्याने मान हलवली आणि शेजारच्या पोराला आम्हा दोघांसाठी चहा सांगितला.